गोदाआरतीवर क्लेम, रहाडीवर क्लेम, भजनावरही क्लेम: कुठे भांडायचं आणि कुठे सोडून द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या सण-उत्सवांचं यूट्यूब चॅनल, मॉनेटायझेशन चालू. तीन व्हिडिओंवर ‘कॉपीराइट आला’ आहे. पहिला रामकुंडावरच्या गोदाआरतीचा, ३८ मिनिटांचा, स्वतः शूट केलेला. त्यातल्या साधारण दोन मिनिटांवर एका म्युझिक लेबलचा, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचा, क्लेम, तीन दिवसांपूर्वी आलेला. दुसरा रंगपंचमीच्या रहाडीचा, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदाचा. त्यात मागून डीजेचं गाणं चाळीस सेकंद ऐकू येतं. तिसरा पंचवटीतल्या घरगुती स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या भजनाचा. त्यावर डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवरची हरकत, टाकला होता, तो काल फेटाळला गेला. अपील करावं का, आणि केलं तर चॅनल जाईल का, अशी भीती आहे.

तिन्हींचं उत्तर वेगवेगळं आहे. पहिला क्लेम बहुधा चुकीचा आहे आणि तो आजच्या आज लढवायला हवा. दुसरा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, त्यावर वेळ घालवू नका. तिसऱ्यात अपीलाच्या बटणाला हात लावण्याआधी तबलावादकाला आणि मिक्सिंग करणाऱ्याला एकेक फोन करा. का, ते पुढे येईल.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘कॉपीराइट आला’ या दोन शब्दांत लोक दोन निराळ्या गोष्टी कोंबतात. कंटेंट आयडी हे अपलोडमधली गाणी आपोआप ओळखणारं यूट्यूबचं यंत्र. त्याचा क्लेम ही यंत्राने लावलेली चिठ्ठी आहे. हक्कदार सांगेल त्याप्रमाणे त्या व्हिडिओची कमाई त्याच्याकडे वळते, व्हिडिओ काही देशांत किंवा सगळीकडे ब्लॉक होतो, नाहीतर नुसती आकडेवारी त्याला दिसत राहते. एकाच व्हिडिओवर अनेक क्लेम असतील आणि त्यातल्या एकानेही ब्लॉक निवडला असेल, तर ब्लॉकच लागू होतो. पण क्लेममुळे चॅनलवर ठपका बसत नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराने कायदेशीर विनंती करून व्हिडिओ काढायला लावणं. ९० दिवसांच्या मुदतीतले तीन स्ट्राइक एकत्र आले की चॅनल बंद होऊ शकतं. तुमच्या तिन्ही व्हिडिओंवर आज फक्त क्लेम आहेत.

यंत्र चुकतं कसं, हे कळलं की भांडण सोपं होतं. कंटेंट आयडी २००७ पासून चालू आहे. लेबलं, निर्माते आणि डिस्ट्रिब्युटर आपल्या फायली ‘रेफरन्स’ म्हणून देतात, यंत्र त्यांचा ठसा काढतं आणि प्रत्येक अपलोड त्या ठशांशी जुळवून पाहतं. रेफरन्सचा मालक खरोखर कोण, हे यंत्राला ऐकून कळत नाही. देणाऱ्याने ‘माझं’ म्हटलं, की पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. म्हणून बऱ्याच चुका जुळणीत नसून रेफरन्सच्या फायलीत असतात. एखाद्या भक्तिगीताच्या सुरुवातीला शंख, घंटा आणि बाजारात कुणालाही मिळणारा तानपुऱ्याचा लूप (पुन्हापुन्हा वाजवायचा तयार तुकडा) असेल, तर तो लूप वापरणारा दुसरा कोणीही त्या जाळ्यात सापडतो. सार्वजनिक मालकीचा मजकूर, अनेकांना विकलेले लूप आणि साउंड इफेक्ट रेफरन्स म्हणून देऊ नयेत, असा यूट्यूबचाच नियम आहे. तो सर्रास मोडला जातो. २०१२ मध्ये नासाच्या स्वतःच्या मंगळ-अवतरणाचा व्हिडिओ एका वृत्तसेवेच्या दाव्यामुळे काही काळ उतरवला गेला होता. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका संगीततज्ज्ञाच्या दहा तासांच्या नुसत्या खरखरीवर पाच क्लेम आल्याची बातमी झाली होती.

नवा रेफरन्स आला की यंत्र जुने अपलोडही तपासतं. तीन वर्षं सुखाने चाललेल्या व्हिडिओवर अचानक क्लेम येतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

आता आरतीकडे. यूट्यूब स्टुडिओत ‘कंटेंट’मध्ये त्या व्हिडिओच्या ‘निर्बंध’ रकान्यातल्या ‘कॉपीराइट’वर जा आणि तपशील उघडा. क्लेम कुणाचा, कोणत्या गाण्यावर, किती मिनिटापासून किती मिनिटापर्यंत, हे तिथे दिसतं. तेवढाच भाग चांगल्या हेडफोनवर तीनदा ऐका. घाटावर आरतीच्या आधी आणि मध्ये लाउडस्पीकरवर रेकॉर्ड केलेली गाणी लागतात. पुजाऱ्यांच्या आवाजाखाली ते गाणं चालू असेल, तर क्लेम खरा आहे आणि तुमचा कॅमेरा तुमचा असल्याने काही फरक पडत नाही. तिथे गाणं नसून फक्त माणसं गात असतील, तर पुढे वाचा.

प्रत्येक गाण्यात हक्काचे तीन थर असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ या तिघांना वेगवेगळं संरक्षण देतो. शब्द आणि चाल यांची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाची मुदत ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही आरती परंपरेने समर्थ रामदासांची मानली जाते. ते सतराव्या शतकातले, टाकळीला तप केलेले. त्या शब्दांवर आज कुणाचाच हक्क नाही, आणि घरोघरी म्हटली जाते ती चालही पारंपरिक. लेबलचा हक्क आहे तो फक्त त्यांच्या स्टुडिओत त्यांच्या गायकाने गायलेल्या त्या ध्वनिमुद्रणावर. तीच आरती दुसऱ्या कुणी गायली आणि तुम्ही ती मायक्रोफोनवर टिपली, तर त्या ध्वनिमुद्रणाची नक्कल झालेली नाही.

मात्र ‘संतांचा अभंग आहे, म्हणजे मोफत’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. तुकोबांचे शब्द मुक्त आहेत, पण त्यांना एखाद्या आधुनिक संगीतकाराने दिलेली चाल मुक्त नाही. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. त्यांनी बांधलेल्या चालींची मुदत २०७१ अखेरपर्यंत चालते. नाशिककरांना आणखी जवळची दोन उदाहरणं: कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणून २७ फेब्रुवारीला शाळेत म्हटलेल्या त्यांच्या कवितेच्या शब्दांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. भगूरचे सावरकर १९६६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांची मुदत २०२६ अखेर संपते. त्या कवितांना नंतर लागलेल्या चालींची मात्र तेव्हा संपत नाही. १९६० साली निघालेली तबकडी भारतात २०२० अखेर मुक्त झाली, तरी अमेरिकेत मुदतींचे नियम निराळे आहेत आणि क्लेम देशागणिक असू शकतो. तो कोणत्या देशांत लागू आहे, हेही तपशिलात बघा.

म्हणून क्लेम कोणत्या थरावर आहे, हे ठरवूनच कारण निवडायचं. ध्वनिमुद्रणावर असेल, तर ‘हे ध्वनिमुद्रण माझं मूळ आहे’. शब्द-चालीवर असेल, तर ‘पब्लिक डोमेन’, म्हणजे सार्वजनिक मालकी. इथे एक खाच आहे. घाटावर गाणारे लोक तुमचे नाहीत. कलम ३८ नुसार सादरकर्त्याला स्वतःचे वेगळे हक्क असतात, आणि ‘मूळ आशय’ म्हणताना तुम्ही सगळं तुमचं असल्याची सही करता. आरतीच्या आयोजकांकडून ‘चित्रीकरण आणि प्रसारणाला हरकत नाही’ एवढा व्हॉट्सअॅप मेसेज घेऊन ठेवा. दोन ओळी पुरतात.

तारखेकडे लक्ष द्या, कारण पैसा तारखेवर ठरतो. क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट टाकला, तर पहिल्या दिवसापासूनची कमाई वेगळी राखून ठेवली जाते आणि शेवटी जो जिंकेल त्याला मिळते. सहाव्या दिवशी टाकला, तर राखणं डिस्प्यूटच्या दिवसापासून सुरू होतं, आधीचं गेलं. तुमचे तीन दिवस झालेत. सणाच्या व्हिडिओची बरीचशी कमाई पहिल्याच आठवड्यात होते, हे लक्षात घेतलं तर उशिराची किंमत कळेल.

डिस्प्यूटच्या खुलाशात भावना लिहू नका. ‘आम्ही भाविक आहोत, पैशासाठी करत नाही’ किंवा ‘श्रेय दिलं आहे’ किंवा ‘गाणं विकत घेतलं होतं’ यातलं एकही कारण टिकत नाही. दहा किंवा तीस सेकंद वापरलं तर चालतं, हा नियमही कुठेच नाही. अशा आशयाचं लिहा, शक्यतो सोप्या इंग्रजीत, कारण वाचणारा मराठी असेलच असं नाही:

‘११ मिनिटं ४० सेकंद ते १३ मिनिटं ५० सेकंद या भागात नाशिकच्या रामकुंडावर प्रत्यक्ष गायलेली पारंपरिक आरती आहे. अमुक तारखेला ती मी स्वतः रेकॉर्ड केली. या भागात कोणतंही आधी मुद्रित केलेलं गाणं वाजत नाही. शब्द आणि चाल पारंपरिक असून सार्वजनिक मालकीची आहेत. तुमच्या रेफरन्समधला गायक वेगळा आहे, वाद्यमेळ वेगळा आहे. आयोजकांची परवानगी आणि मूळ फाइल माझ्याकडे आहे.’

यातलं प्रत्येक वाक्य तुमच्या बाबतीत खरं असेल तरच ठेवा. क्लेममध्ये दिसणारं लेबलचं गाणं शोधून ऐका आणि फरक नेमका लिहा: ‘तुमच्याकडे बासरी आणि कीबोर्ड आहे, माझ्याकडे फक्त टाळ आणि घंटा’. माणसाने वाचलं तर त्याचा निर्णय या एका ओळीवर होतो. कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणि वेगळ्या रेकॉर्डरवरचा ऑडिओ कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन ठिकाणी ठेवा.

डिस्प्यूटनंतर दावेदाराला ३० दिवस मिळतात. तो क्लेम सोडू शकतो, गप्प बसला तर क्लेम आपोआप सुटतो, तो क्लेम कायम ठेवू शकतो, किंवा थेट व्हिडिओ काढण्याची विनंती करू शकतो. या शेवटच्या शक्यतेत स्ट्राइक आहे, म्हणून डिस्प्यूट अगदीच निर्धोक नाही. पण घाबरून गप्प बसणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. यूट्यूबच्या स्वतःच्या अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटींहून अधिक क्लेम लागले. त्यातल्या एक टक्क्याहूनही कमी क्लेमवर हरकत घेतली गेली, आणि हरकतींपैकी सुमारे ६० टक्के अपलोड करणाऱ्याच्या बाजूने सुटल्या. व्हिडिओ ब्लॉक झालेला असेल तर डिस्प्यूटची पायरी वगळून थेट अपील करता येतं. तिथे दावेदाराला ७ दिवसच मिळतात. घाई खरी असेल आणि बाजू पक्की असेल, तरच तो रस्ता.

रहाडीचं थोडक्यात. डीजेवर वाजलेलं गाणं हे लेबलचंच ध्वनिमुद्रण आहे, ते तुमच्या मागे योगायोगाने आलं तरी. पार्श्वभूमीला ओझरतं आलेलं संगीत पकडून त्यावर कमाई घेण्यास यूट्यूबने २०१९ पासून बंदी घातली आहे, पण ती फक्त माणसाने हाताने लावलेल्या क्लेमसाठी. यंत्राच्या क्लेमला ती लागू नाही. चालू घडामोडींच्या वार्तांकनाला कलम ५२ मध्ये सवलत आहे, आणि धार्मिक समारंभातल्या सादरीकरणालाही आहे. पण पहिलीत वाद घालायला जागा आहे आणि दुसरी समारंभापुरती आहे. तो व्हिडिओ कायमचा टाकून त्यावर जाहिराती लावण्यापर्यंत ती ताणली तर तुटेल. चाळीस सेकंदांसाठी हे ओझं कशाला?

यूट्यूब स्टुडिओतच तीन उपाय आहेत: तो तुकडा कापणं, गाणं बदलणं, किंवा फक्त गाणं पुसून बोलणं ठेवणं. या पुसण्याच्या साधनाची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये आली. शांत मुलाखतीत ते बरं चालतं. रहाडीतल्या आरडाओरड्यात आणि ढोलाच्या दणक्यात ते अर्धवट पुसतं किंवा माणसांचे आवाजही खातं. आधी तेच करून पाहा, जमलं नाही तर तुकडा कापा. लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं जागेवर राहतं आणि क्लेम निघून जातो. नवा व्हिडिओ अपलोड करणं, आवाजाचा स्वर अर्ध्या पट्टीने चढवणं, चित्र उलटं करणं हे उद्योग करू नका. असल्या युक्त्या पकडल्या जातात आणि तुमची बाजू कायमची कमजोर करतात.

आता भजन. इथे घाई केली तर नुकसान आहे. घरच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवर क्लेम येतो, तेव्हा दावेदाराच्या नावाच्या जागी बरेचदा एखाद्या डिस्ट्रिब्युटरचं नाव असतं, म्हणजे कलाकारांची गाणी सगळ्या अॅप्सवर पोचवणारी कंपनी. अशा वेळी पहिली शंका आपल्याच माणसांवर घ्यायची. गायकाने, तबलावादकाने किंवा मिक्सिंग करणाऱ्याने तोच ट्रॅक स्वतःच्या नावाने डिस्ट्रिब्युटरकडे टाकला आणि फॉर्म भरताना कंटेंट आयडीच्या चौकोनात खूण केली, की तुमचंच भजन तुमच्यावर उलटतं. बहुतेकांना त्या खुणेचा अर्थही माहीत नसतो.

असं निघालं तर अपील नको. ज्याने टाकलं, त्याने डिस्ट्रिब्युटरला लिहून तुमचं चॅनल व्हाइटलिस्ट करायला, म्हणजे क्लेममधून वगळायला सांगायचं आणि हा क्लेम सोडायला लावायचा. सोबत तुमची चॅनल आयडी, म्हणजे ‘यूसी’ने सुरू होणारी २४ अक्षरं, आणि व्हिडिओची लिंक द्या. स्ट्राइकचा धोका शून्य. पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच्या दिवशीच कागदावर लिहून घ्या: ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, ते कुठे टाकायचं आणि कंटेंट आयडीत कोणी टाकायचं.

फोनवर सगळे ‘आम्ही नाही टाकलं’ म्हणाले, तर दुसरी शंका लूपवर. क्लेम नेमका तानपुऱ्याच्या आरंभावर किंवा तबल्याच्या ठेक्यावर असेल आणि तो ठेका लूप पॅकमधला असेल, तर तोच पॅक दुसऱ्या कुणीतरी वापरून आपलं गाणं रेफरन्स म्हणून दिलेलं आहे. ‘नाशिक ढोल’ नावाने विकल्या जाणाऱ्या तयार तालांचंही हेच होतं. पॅकचा परवाना शोधा, त्यातला ‘अनेकांना, व्यावसायिक वापरासाठी’ असा अर्थ असलेला मजकूर शब्दशः खुलाशात घाला आणि कारण ‘परवाना’ निवडा. एडिटिंग अॅपमधलं ‘फ्री म्युझिक’ मात्र अनेकदा त्या अॅपपुरतंच, किंवा व्यावसायिक वापर वगळून मोफत असतं. तसं असेल तर माघार घ्या आणि तो थर बदला.

तिसरी शक्यता: लूप नाही, कुणी टाकलेलं नाही, चाल पारंपरिक आहे आणि सगळं वादन प्रत्यक्ष झालेलं आहे. मग अपील करा, आणि डिस्प्यूट फेटाळल्यापासून ५ दिवसांत करा, म्हणजे कमाई राखलेलीच राहील. जुना खुलासा पुन्हा चिकटवू नका. आधी काय कमी पडलं, ते भरून काढा: प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक आहे, वादक कोण, तारीख कोणती. दावेदाराला ७ दिवस मिळतात. तो गप्प बसला तर क्लेम सुटतो. तो हटून बसला तर त्याला व्हिडिओ काढण्याची विनंतीच करावी लागते, आणि कधीकधी ती ७ दिवस पुढे ढकललेली असते. त्या मुदतीत अपील मागे घेतलं, तर क्लेम राहतो पण स्ट्राइक टळतो. कागद अपुरे वाटत असतील तर विचार बदलायची शेवटची जागा हीच. चॅनलवर आधीच एक-दोन स्ट्राइक असतील तर हा हिशेब आणखी काटेकोर करा.

स्ट्राइक आलाच, तर व्हिडिओ डिलीट करून तो जात नाही. ९० दिवस आणि यूट्यूबचं छोटं कॉपीराइट प्रशिक्षण, दावेदाराने विनंती मागे घेणं, किंवा काउंटर नोटिफिकेशन, एवढेच मार्ग. काउंटर नोटिफिकेशन हा व्हिडिओ चुकीने काढला असं कळवणारा, अमेरिकी कायद्याखालचा दस्तऐवज आहे. त्यात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, तो दावेदाराकडे जातो, आणि यूट्यूब जिथे आहे तिथल्या अमेरिकी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं. मग दावेदाराने १० कामकाजी दिवसांत दावा दाखल केल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर हे वकिलामार्फत करा. कुणी क्लेम सोडण्यासाठी पैसे मागत असेल किंवा वारंवार पोकळ धमक्या देत असेल, तर भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ६० वकिलाला दाखवा. निराधार धमकीविरुद्ध मनाई आणि भरपाई मागण्याची तरतूद त्यात आहे.

पुढच्या शूटसाठी: व्हिडिओ आधी प्रायव्हेट ठेवून अपलोड करा आणि ‘तपासण्या’ पूर्ण होऊ द्या. क्लेम असेल तर प्रसिद्ध करण्याआधीच दिसतो आणि सणाच्या दिवसाची कमाई अडकत नाही. लाइव्हमध्ये ही सोय नाही. तिथे यंत्र चालू प्रक्षेपण तपासतं, आधी इशारा देतं, मग तुमच्या चित्राच्या जागी स्थिर पाटी लावतं, आणि गाणं थांबलं नाही तर प्रक्षेपण तोडतं. कॉपीराइटमुळे चालू लाइव्ह काढलं गेलं, तर ७ दिवस लाइव्ह बंद. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावरून लाइव्ह करायचा बेत असेल, तर ऑडिओ कॅमेऱ्याच्या माइकवर सोडू नका. निवेदकाला हातात धरायचा माइक द्या, परिसराचा आवाज मिक्सरवर वेगळ्या फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाला) घ्या, आणि लाउडस्पीकरवर गाणं सुरू झालं की तो फेडर खाली ओढायला एक माणूस बसवा.